वीराला आपल्या बोलीत बोलू द्या

गेल्या हिवाळ्यात किनवट तालुक्यातल्या एका शाळेच्या गॅदरिंगला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही शाळेत घडलं असतं. शिवाजी महाराजांवरचा एक छोटा नाट्यप्रवेश होता. महाराज झालेला पोरगा बाजारपेठेतल्या दुकानदाराचा. उच्चार स्वच्छ, आवाज खणखणीत. सिनेमातलं एक लांबलचक वाक्य त्यानं न अडखळता म्हटलं आणि टाळ्या पडल्या. अफझलखान अर्थातच मुसलमानाचा पोरगा होता. खानाच्या शिपायांत तीन मुलं पाड्यावरची होती, एक कोलाम आणि दोन गोंड. त्यांना वाक्यंच नव्हती. हातात भाले घेऊन 'हुर्रर्र, हुर्रर्र' असं ओरडायचं आणि मरून पडायचं, एवढंच काम. कार्यक्रम संपल्यावर बाईंना मी सहज विचारलं, या तिघांना एकही वाक्य का नाही? त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "सर, त्यांचं मराठी क्लिअर नाही ना."

बाईंना दोष द्यायचा मला अधिकार नाही. मी स्वतः सत्तावीस वर्षं मास्तरकी केली आणि दर शिवजयंतीला, पंधरा ऑगस्टला, मराठवाडा मुक्तीच्या सतरा सप्टेंबरला पोरांसाठी नाटुकली लिहिली. त्या रात्री घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. माझा प्रत्येक वीर पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलतो. 'काय करू लालास', 'मी नाही येऊ लालो' असं आपलं नांदेडकडचं मराठी बोलणारा माणूस सगळ्या वह्यांत मिळून दोनदाच सापडला. एकदा तो विनोदी हवालदार होता, एकदा दारुडा. मी घरात तेच मराठी बोलतो. माझी माय दुसरं काही बोललीच नाही. तरी देशासाठी मरायला निघालेल्या माणसाच्या तोंडी ते शोभणार नाही, हे मला कोणी शिकवलं? तसा धडा कुणी दिला नव्हता. टॉकीजच्या अंधारात बसून तीन-तीन तास तेच बघितलं होतं, ते अंगात मुरलं.

म्हणून पालकांनो, गुरुजींनो, जयंती मंडळाच्या पोरांनो, हे चार शब्द तुमच्यासाठी. सिनेमा बघू नका असं सांगायला मी बसलेलो नाही. मी बघतो, शिट्ट्याही मारल्यात. माझं म्हणणं एवढंच की पडद्यावरचा वीर बोलायला लागला की टाळीसोबत कानही चालू ठेवा. तो कोणाची भाषा बोलतोय? आणि ज्यांची ती भाषा नाही त्यांना त्या गोष्टीत काय काम दिलंय?

आमच्या गॅदरिंगमधलं ते 'हुर्रर्र' कुठून आलं याचा माग काढायला फार लांब जावं लागत नाही. 'बाहुबली' (२०१५) आठवा. माहिष्मतीचे लोक झाडून सगळे भारदस्त, ग्रांथिक बोलतात. त्यांच्यावर चालून येणारे कालकेय काळे, राकट, आणि बोलतात ते कोणालाच कळत नाही. ती भाषा तमिळ गीतकार मदन कार्की यांनी या सिनेमासाठी मुद्दाम घडवली, 'किलिकी' तिचं नाव. टाळ्याला जीभ आपटून काढलेल्या टकटक आवाजांची भाषा, तीही व्याकरणासकट. कसब म्हणून दाद द्यावी असंच ते काम आहे. पण ज्या वर्गात चार पोरं घरी कोलामी बोलतात, त्या वर्गातली बाकीची पोरं हा सिनेमा बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी कोणाला टकटक करून चिडवतील, हे मास्तरकी केलेल्या माणसाला विचारावं लागत नाही.

त्याच सिनेमातली दुसरी गंमत आवाजाची. हिंदी 'बाहुबली'त प्रभासच्या तोंडून येणारा आवाज शरद केळकर यांचा. पाच वर्षांनी 'तान्हाजी'मध्ये तेच शिवाजी महाराज झाले. म्हणजे एका कल्पित राज्याचा तेलुगू वीर आणि आपले महाराज हिंदी मुलखात एकाच गळ्यातून बोलले. वीराचा आवाज कसा असावा याचा एक साचा ठरून गेलाय, आणि तो आपल्या पोरांच्या कानात बसलाय. याच केळकरांनी लहानपणी आपण अडखळत बोलायचो हे जाहीर मुलाखतींतून सांगितलंय. ज्या पोराला 'क्लिअर नाही' म्हणून मागच्या रांगेत उभं करता, त्याच्या आईबापाला हे जरूर सांगा.

आता आपल्या दाराशी येऊ. २०२२ साली 'आरआरआर' आला तेव्हा किनवटहून किती तरी पोरं पार आदिलाबादला जाऊन तो मूळ तेलुगूत बघून आली. बाकीच्यांनी हिंदीत बघितला. त्यातला भीम हा कुमराम भीम, असिफाबादकडचा गोंड. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं, हा तेलंगणाचा, त्यांचा माणूस. पण १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आपला किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. इस्लापूरचं मंडळही त्याच जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यातून इकडं आलं. ज्या जंगलखात्याच्या जाचाविरुद्ध, चराईच्या करांविरुद्ध आणि गेलेल्या जमिनींसाठी भीम उभा राहिला, ते खातं, ते कर, तो अंमल इथंही होता. आपल्या आजोबांचा आणि भीमाचा जिल्हा एक होता.

सिनेमानं काय केलं? खरा भीम निजामशाहीशी लढला. पडद्यावर तो १९२० च्या दिल्लीत इंग्रजांशी लढतो. सोबतीला आंध्रच्या रंपा बंडाचे नायक अल्लुरी सीताराम राजू आहेत. प्रत्यक्षात दोघांची गाठ कधी पडली नव्हती, आणि आपली गोष्ट कल्पित असल्याचं दिग्दर्शक राजामौलींनीही मोकळेपणानं सांगितलंय. तिथवर माझी तक्रार नाही. गोष्ट रचायला मुभा आहे. मला खटकतो तो शेवट. राम, म्हणजे सीताराम राजू, भीमाला विचारतो, तुला काय हवं? भीम अक्षरं मागतो, मला आणि माझ्या लोकांना शिकव म्हणतो. मग राम झेंड्यावर जल, जंगल, जमीन हे शब्द लिहितो. हीच घोषणा आज सगळ्या भारतात भीमाच्या नावानं ओळखली जाते. आता बघा, घोषणा ज्याच्या नावाची, त्याला ती दुसऱ्याच्या हातून लिहून मिळाली. आणि पूर्ण सिनेमाभर हा गोंड वीर तेलुगूत गर्जतो, आपल्याकडं हिंदीत गर्जतो. त्याच्या मायबोलीत त्याला गर्जना नाही.

याच भीमावर अल्लाणी श्रीधर यांनी १९९० साली तेलुगूत एक सिनेमा केला होता. त्याला पुरस्कार मिळाले, पण प्रदर्शित व्हायला २०१० उजाडलं. वीस वर्षं डबे पडून राहिले. गोंड वीराची गोष्ट खपेल असं तेव्हा कोणाला वाटलं नसावं, असा माझा कयास.

गोंडीत वीरकथा नाहीत म्हणून असं होतं का? तसं म्हणणाऱ्यानं दिवाळीच्या दिवसांत दंडारीला एकदा पाड्यावर जावं. कागदावरचा पुरावाही आहे. भीम मारला गेल्यावर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक उठले का. त्याचा शोध घ्यायला त्यांनी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादच्या गोंडांत धाडलं. तो मारलावाई गावी राहिला. त्याच्या पुढाकारानं तिथं गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं आणि गोंडीची वाचनपुस्तकं झाली, तीही देवनागरीत. म्हणजे भीमाच्या लोकांना गोंडीत अक्षरं मिळाली होती, आणि ती आपल्याच लिपीतली होती. याच हायमेनडॉर्फनं परधानांबद्दल लिहून ठेवलंय. परधान हे गोंडांचे परंपरेनं आलेले कथेकरी. किंगरी वाजवत ते एकेका कुळाच्या मूळपुरुषाची, लढायांची, देवांची गाथा रात्ररात्र सांगतात. आता मजा ऐका. या परधानांची घरची भाषा मराठी. गाथा मात्र गोंडी. मराठी बोलणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गोंड वीरांचं बोलणं जपून ठेवलंय, आणि तेही गोंडीतच ठेवलंय, मराठीत ओढून आणलं नाही. भाषेची वाटणी न करता दुसऱ्याच्या वीराला मान कसा द्यावा, हे शिकायला आपल्याला मुंबई-हैदराबादचा स्टुडिओ कशाला पाहिजे? तुमच्या गावात असा म्हातारा परधान असेल तर या दिवाळीत त्याच्यासमोर मोबाइल ठेवा. रीळ करण्यासाठी नको, अख्खी रात्र रेकॉर्ड करण्यासाठी. आणि आधी त्याची परवानगी घ्या, मानधन द्या. फुकटात 'लोककला' गोळा करणारे पुष्कळ येऊन गेलेत.

मराठी सिनेमातल्या महाराजांच्या बोलण्याकडं आता वळतो, कारण जास्त राग इथंच येईल. पडद्यावर महाराज संस्कृतप्रचुर बोलतात, शत्रू उर्दू बोलतो. बघणाऱ्या पोराचा हिशेब सोपा होतो: अमुक शब्द आपले, तमुक शब्द त्यांचे. एकदा सिनेमांच्या नावांकडं बघा. 'फर्जंद' (२०१८): हा फारसी शब्द, अर्थ पुत्र. 'फत्तेशिकस्त' (२०१९): फत्ते अरबी, शिकस्त फारसी. 'सुभेदार' (२०२३): सुभा अरबी, त्याला फारसी दार. तिन्ही सिनेमे मावळ्यांच्या पराक्रमाचे, तिन्ही नावं बाहेरून आलेल्या शब्दांची, आणि तिन्ही शंभर टक्के मराठी. पोवाडा म्हणणारा शाहीर, त्याचं नाव अरबी. गनिमी काव्यातला गनीम अरबी. हिंमत, इमान, मर्द, शाबास, जखम, मुजरा, बहाद्दर. हे शब्द काढले तर मराठी माणसाला शूर व्हायला तोंडात शब्दच उरत नाहीत. किनवटच्या बाजारात आपण सगळे, हिंदू-मुसलमान-बंजारा-कोमटी, रोज हेच शब्द एकमेकांना देतो-घेतो.

महाराजांना भाषेचं भान नव्हतं असं नाही. राज्यव्यवहारकोश त्यांच्याच आज्ञेनं झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. पण रोजच्या पत्रांत, ज्याला हुकूम कळायला पाहिजे त्याला कळेल असेच शब्द आहेत, त्यांत फारसीही भरपूर. संभाजी महाराजांनी तर संस्कृतात 'बुधभूषण' लिहिलं आणि ब्रज भाषेतही रचना केल्या. 'छावा' (२०२५) मध्ये ते हिंदी का बोलतात म्हणून भांडणाऱ्यांनी आणि न भांडणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावं. ट्रेलरमधल्या लेझमीवर मोठा वाद झाला, ते दृश्य काढलं गेलं. पण ज्या राजाला तीन भाषांत लिहिता येत होतं त्याला पडद्यावर बहुतेक वेळ एकाच पट्टीत ओरडावं लागतं, यावर कोणी मोर्चा काढलेला मी बघितला नाही.

महाराजांचं एक पत्र मला फार आवडतं. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना ते लिहिलंय. त्यात गर्जना एकही नाही. पावसाळा काढायचाय, गवत-दाणा आत्ताच उधळू नका, नाही तर घोडी मरतील. रयतेच्या घरून काही उचलू नका, पैसे मोजून बाजारातून घ्या, नाही तर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. आणि मग उंदराची गोष्ट येते. रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात ओढून नेतो, गवताला आग लागते, मग सगळंच गेलं. ज्या माणसानं बलाढ्य बादशाहीला आव्हान दिलं तो उंदराचा आणि वातीचा विचार करत होता. माझ्या मते मराठीत वीरभाषेचा याहून मोठा नमुना नाही. सिनेमावाल्यांना ही वाक्यं नको असतात, कारण त्यांच्यावर शिट्टी येत नाही. पण तुमच्या शाळेला काय अडचण आहे?

वीराचं बोलणं सिनेमानं घडवणं आपल्याकडंच होतं असंही नाही. रशियात आयझेनस्टाइननं १९३८ साली 'अलेक्झांडर नेव्हस्की' काढला. तेराव्या शतकातला राजपुत्र जर्मन सरदारांना गोठलेल्या तळ्यावर हरवतो. शेवटी तो बजावतो की जो तलवार घेऊन येईल तो तलवारीनंच मरेल. हे वाक्य पटकथा लिहिणाऱ्यानं बायबलवरून बेतलेलं, पण रशियात पुष्कळांना ते नेव्हस्कीच्याच तोंडचं, इतिहासातलं वाटतं. त्याहून बोलकं पुढं आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये स्टालिनचा हिटलरशी करार झाला तेव्हा सिनेमा गुपचूप थिएटरांतून काढून घेतला. १९४१ साली जर्मन फौजा आत घुसल्या तेव्हा तोच सिनेमा पुन्हा लावला. वीर तोच, वाक्य तेच. कधी ऐकू द्यायचं आणि कधी नाही, हे दिल्लीसारखंच मॉस्कोतही वर बसलेला ठरवतो.

इंग्रजांनी १९४४ साली, युद्ध ऐन भरात असताना, शेक्सपिअरचा 'पाचवा हेन्री' पडद्यावर आणला. लॉरेन्स ऑलिव्हिए राजा झाला आणि सिनेमा कमांडो नि हवाई सैनिकांना अर्पण केला. मूळ नाटकात हाच राजा एका शहराला शरण या म्हणताना फार क्रूर धमक्या देतो. त्या ऑलिव्हिएनं गाळल्या. देशाला तेव्हा चांगला राजा हवा होता. पंचेचाळीस वर्षांनी केनेथ ब्रॅनानं तोच राजा चिखलात लोळवला, जुन्या सोबत्याला फासावर चढवताना दाखवला. नाटक एकच, देश बदलला की राजाचं बोलणं बदलतं. आणि 'ब्रेव्हहार्ट' (१९९५) सांगायचा तर त्यात स्टर्लिंग पुलाची लढाई आहे आणि पूलच नाही. तरी तो बघून स्कॉटलंडमध्ये माणसं छाती पुढं काढून चालू लागली. दोन वर्षांनी, त्या लढाईला बरोबर ७०० वर्षं झाली त्या दिवशी, ११ सप्टेंबर १९९७ ला, तिथल्या लोकांनी स्वतःच्या विधिमंडळासाठी मतदान केलं. सिनेमामुळं केलं असं मी म्हणणार नाही. पण पुलाविना लढाई चालली, याचा आपणही धडा घ्यावा. व्हॉट्सअॅपवर महाराजांच्या नावानं वाक्य आलं की पुढं ढकलण्याआधी विचारा, हे बखरीतलं, पत्रातलं की सिनेमातलं? सिनेमातलं असलं तरी ढकला, फक्त खाली सिनेमाचं नाव लिहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता जरा जुन्या गोष्टी, जेव्हा अशा शब्दांची किंमत तिकिटाहून जास्त होती. १९३० साली कोल्हापूरच्या प्रभातनं मूकपट काढला, 'स्वराज्याचे तोरण'. व्ही. शांताराम स्वतः शिवाजी महाराज झाले होते. मूकपट, म्हणजे त्यात आवाजच नाही, तरी इंग्रज सेन्सॉरला त्या एका शब्दाची धास्ती वाटली. नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. १९४३ च्या 'किस्मत'मध्ये कवी प्रदीप यांनी परक्यांना हाकलणारं गाणं लिहिलं आणि त्यात नावं घातली जर्मन-जपान्यांची. सेन्सॉरनं सोडलं. थिएटरातल्या माणसाला बरोबर कळलं कोणाला हाकलायचंय. मला हे दोन्ही फार भावतं. गप्प राहून किंवा आडून बोलणाऱ्या त्या भाषेत जी धग आहे ती आजच्या 'उरी'छाप जोशात नाही. त्या सिनेमानंतर वरातीतला घोडासुद्धा 'हाऊज द जोश' विचारायचा बाकी राहिला होता.

आणि आपल्या निजामी मुलखात? १९३८ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या कॉलेजात मुलांनी वंदे मातरम्‌ म्हटलं. म्हटलं म्हणून नावं काढली गेली. ती मुलं नागपूरला जाऊन शिकली. त्या वयात घर, खर्च, वर्ष, सगळं पणाला लागतं. आता बारा वर्षांचा पोरगा स्टेजवर तेच दोन शब्द ओरडतो तेव्हा त्याला कोणी हे सांगतं का? सतरा सप्टेंबरला झेंडा झाला की आपण बुंदी वाटून मोकळे होतो. त्या दिवशी गावातल्या नव्वदीच्या म्हाताऱ्याला, मायला खुर्चीवर बसवा आणि विचारा, रझाकारांच्या दिवसांत तुम्ही कुठं लपलात, कोणाच्या घरी जेवलात, काय बोललात. बहुतेक जण म्हणतील, बोललो काहीच नाही, पळालो. तेही पोरांना ऐकू द्या. ज्यानं लपवलं त्याचंही नाव येईल, आणि तो बऱ्याचदा शेजारचा मुसलमान निघेल.

नांदेडला आपण नेहमी जातो, हुजूर साहिबच्या लंगरात जेवतो. तिथल्या निहंग शीखांचे बोल कधी कान देऊन ऐका. उपासमारीच्या, जंगलात लपून लढण्याच्या काळात त्यांनी एक भाषाच घडवली. मूठभर चणे खायचे आणि त्यांना बदाम म्हणायचं. कांद्याला रूपा म्हणजे चांदी म्हणायचं. मिरचीला भांडकुदळ. एकटा शीख दारात आला की सवा लाख आले म्हणायचं. ही माणसं भुकेली होती आणि थट्टा करत होती. मुलांना वीरभाषा शिकवायचीच असेल तर ही शिकवा. हसत हसत पाठ होते आणि कोणाचा द्वेष शिकावा लागत नाही.

याच्या उलट्या टोकाला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. जब्याच्या घरात कैकाडी बोलतात, बाहेर मराठी. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निसटतं. एकही संवाद नाही. देश म्हणजे काय, तो कोणाकडून काय मागतो, हे मला त्या मिनिटभरात जेवढं कळलं तेवढं दहा ऐतिहासिक सिनेमांतल्या भाषणांतून कळलं नव्हतं. माझ्या वहीतल्या वीरांना मी तेव्हा पहिल्यांदा शिव्या घातल्या.

तर काय करायचं? मोठं काही नाही. नाटक बसवताना वाक्यांची वाटणी उच्चारावरून करू नका. तांड्यावरच्या पोरीला गोरमाटीत बोलू द्या, प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या याडीला, म्हणजे मायला, कळेल, बाकीच्यांना कळेल न कळेल. न कळलं तर शेजाऱ्याला विचारतील, तेवढीच ओळख. अफझलखानाचं काम दर वर्षी एकाच मोहल्ल्यात देऊ नका, आणि त्या मोहल्ल्यातल्या पोराला एकदा तरी महाराज होऊ द्या. आपलं 'येऊ लालो, जाऊ लालो' स्टेजवर आलं आणि कोणी हसलं तर हसू द्या, पण ते वाक्य नायकाच्याच तोंडी ठेवा. मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी बोलीला सिनेमात नायकाची जागा मिळवून दिली हे खरं, पण ती बहुतेक हसवण्यासाठी. रडवायला आणि लढायला ती अजून फारशी कोणी घेतलेली नाही. ते काम किनवटच्या शाळेनं केलं म्हणून काय बिघडलं? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज, हे गोंडीत म्हटलं. ना तलवार, ना घोडा. २००९ साली त्यांच्या जंगलावरचा हक्क त्यांना मिळाला, २०११ साली आपल्या बांबूचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. असं वाक्य आपल्या पोरांना पाठ असायला हवं.

या वर्षी त्याच शाळेनं मला पुन्हा बोलावलंय, आणि बाईंनी या खेपेला प्रवेश मलाच लिहायला सांगितला. मी चिपळूणचं पत्र घेतलंय. छावणी, पावसाळा जवळ आलाय, गवताच्या गंजी. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाला उंदीर वात ओढत जाताना दिसतो आणि तो ओरडून सगळ्यांना उठवतो. नाटकातलं सगळ्यात मोठं वाक्य तेच आहे, कारण त्यावर घोडदळ वाचतं. ते काम मागच्या वर्षीच्या कोलाम पोराला दिलंय. काय ओरडायचं ते कोलामीत तूच ठरव, असं त्याला सांगितलंय. परवा विचारलं तर म्हणाला, "आत्ता नाही सांगू लालो सर, स्टेजवरच ऐका."